झाकण उघडं ठेवा

माझी थोरली जाऊ तापातसुद्धा सुट्टी घेत नाही, हे आमच्या नात्यागोत्यात कौतुकाने सांगितलं जातं. मी ते कधी कौतुकाने सांगितलं नाही. गळ्याला रुमाल गुंडाळून, डोळे लाल झालेले, अशा अवस्थेत त्या चपला शोधायला लागल्या की मी दारात उभी राहून म्हणायचे, "ताई, तुम्ही एक दिवस नसलात तर ते केंद्र काय बुडणार आहे का?"

"बुडणार नाही गं धाकटे. पण फोन कोण उचलणार?"

एवढं म्हणाल्या की निघाल्या. त्यांना काही सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

ताई डायलिसिस केंद्रात फोनवर बसतात. ज्यांची मूत्रपिंडं थकली आहेत अशा लोकांचं रक्त तिथे यंत्रातून साफ करून पुन्हा अंगात सोडतात. आठवड्यातून दोन-तीनदा यायचं आणि दर वेळी चारेक तास खुर्चीत पडून राहायचं. खिडकीच्या बाजूने मोठ्या आरामखुर्च्यांची रांग, प्रत्येक खुर्चीशेजारी एक यंत्र, आणि कुठलं ना कुठलं यंत्र सतत टुणटुण करत असतं. काचेच्या दाराबाहेर एक लांब बाक. येणाऱ्या प्रत्येकाला वेळ दिलेली असते, पण ती पाळली जात नाही आणि त्यात कुणाचा दोषही नसतो. कुणाचं ब्लड प्रेशर मध्येच उतरतं, एखादं यंत्र रुसून बसतं, एखादा पेशंट तातडीने आणला जातो. मग पुढच्या माणसाने बाकावर ताटकळायचं. जो घरून निघालेला नसतो तो फोन करतो: "बाई, माझी खुर्ची रिकामी झाली का?" दिवसभर हाच प्रश्न. ताईंना लोक खोकल्यावरून ओळखू यायचे. फोन उचलून पलीकडचा बोलायच्या आत त्या म्हणायच्या, "मास्तर, अजून निघू नका, अर्धा तास आहे."

या फोनपायी लेकीचं पहिलं बाळंतपण राहिलं. लेक दुसऱ्या शहरात, एका कंपनीत सर्व्हर सांभाळायच्या नोकरीत. ताई तिच्याकडे पोहोचल्या तेव्हा नात पालथी पडायला लागली होती. लेक त्यावर एक शब्द बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. नंतर दोघींचे फोन व्हायचे, पण जेवलीस का, झोपलीस का, एवढं झालं की दोन्हीकडे शांतता. मी शेजारी बसून ती शांतता ऐकलेली आहे. वाईट वाटायचं मला.

मग कधीतरी लेकीने, बोलायला काहीतरी असावं म्हणूनच बहुधा, आईला पायथन शिकवायला घेतलं. पायथन म्हणजे कॉम्प्युटरला काम सांगायची एक भाषा. पन्नाशीला टेकलेली बाई, रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर जुना लॅपटॉप मांडून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून ती भाषा शिकायला बसली. ओळ जरा आत-बाहेर झाली तरी ती भाषा ऐकून घेत नाही, हे मला तेव्हा कळलं. आमच्या सासूबाई गेल्यानंतर इतकी शिस्त या घरात मी पहिल्यांदाच पाहत होते. पण ताईंना ती आवडली. आणि दोघी मायलेकी तास तास बोलायला लागल्या, भांडायलासुद्धा लागल्या. "अगं इथे दोन टिंबं राहिली तुझी" वगैरे. माझ्या दृष्टीने पायथनचं काम तिथेच झालं होतं.

पुढे लेकीला पुन्हा दिवस गेले. पाचवा-सहावा महिना असेल, तिने फोनवर सरळ विचारलं, "आई, या वेळी येणार असशील तर आत्ताच सांग. नसशील तर मी कामाला बाई ठेवते. मला मधल्या मधे लटकवू नकोस."

"येणार," ताई म्हणाल्या.

"फोन कोण उचलणार?" लेकीने विचारलं. हा टोमणा होता, आणि तो बरोबर लागला.

त्या दिवसापासून टेबलावर काहीतरी वेगळं सुरू झालं. त्या एक वेबसाइट लिहीत होत्या. मोठं काही नव्हतं, एकच पान. पेशंटने ते फोनवर उघडायचं, आपला नंबर टाकायचा, आणि खुर्चीची खबर घरबसल्या वाचायची. केंद्रातला टेक्निशियन खुर्ची लागली-सुटली की एक बटण दाबणार, हिशोब पायथन करणार. पानावरची भाषा ताईंची स्वतःची. "अजून निघू नका, जेवून घ्या." "तयारीला लागा." "निघा आता." आणि सगळ्यात खाली, कायमची एक ओळ: "फोन करायची गरज नाही. मी इथेच आहे."

केंद्राचे डॉक्टर भला माणूस. ते म्हणाले, "चाललं तर वापरू, नाही चाललं तर फोन आहेच." ताईंनी त्यातलं "चाललं तर" तेवढं ऐकलं.

लिहून झालं, लॅपटॉपवर चाललं. पण लॅपटॉपवर चालतं ते फक्त लॅपटॉपवाल्याला दिसतं. जगाला दिसायचं तर ते सर्व्हरवर चढवावं लागतं. सर्व्हर म्हणजे काय, हे मी लेकीला विचारलं होतं. ती म्हणाली, "काकू, कुठेतरी लांब असलेला, रात्रंदिवस चालू असलेला आणि कुणाच्याही मांडीवर नसलेला कॉम्प्युटर." तिने आईसाठी असा एक भाड्याने घेऊन दिला आणि म्हणाली, "दे, मी चढवते." पण ताईंना ते पटेना. "तुझे पाय सुजलेत, तू आराम कर. माझं मी चढवते. अडले तर विचारेन." त्यांचा स्वभाव असा की अडल्या तरी विचारत नाहीत.

आठवडाभर आमच्या टेबलावर जेवणाला जागा नव्हती. बिऱ्हाड हलवताना गाळणी हमखास मागे राहते, तसं लॅपटॉपवरचं काहीतरी सर्व्हरवर न्यायचं राहायचं. पायथन तक्रार करायचं, की अमुक सापडत नाही. ताई म्हणायच्या, "इथे तर होतं." मी म्हणायचे, "इथे होतं, तिथे आहे का?" मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, मी खाली झेरॉक्सचं दुकान चालवते. पण हा प्रश्न नेमका उपयोगी पडायचा, म्हणून मी तो सारखा विचारायचे. शेवटी एका सकाळी मी दुकानात असताना ताईंचा फोन आला. "तुझ्या मोबाइलवर उघड बघू."

उघडलं. "अजून निघू नका, जेवून घ्या."

मी गिऱ्हाइकाच्या हातात भलत्याचेच कागद दिले, इतका आनंद झाला.

मास्तर हे पान वापरणारे पहिले. निवृत्त शिक्षक, एकटे राहतात, दोन बस बदलून केंद्रात येतात. आधी ते घाबरून लवकर निघायचे आणि बाकावर उपाशी बसायचे. पहिल्या दिवशी ते "निघा आता" वाचून निघाले, आले ते थेट खुर्चीत. ताईंच्या टेबलापाशी थांबून म्हणाले, "बाई, आज मी पोटभर जेवून आलोय." हे ताईंनी घरी आल्या आल्या, चपला न काढताच सांगितलं. हळूहळू बाकी लोकही वापरायला लागले. बाक रिकामा दिसायला लागला. फोन दिवसाकाठी थोडे. ताईंच्या जाण्याची वाट मोकळी होतेय, असं मला वाटलं.

पण आमच्या घरात नाना आहेत.

नाना म्हणजे आमचे सासरे. दोघे भाऊ, म्हणजे ताईंचे यजमान आणि माझे, मालाचे ट्रक घेऊन बहुतेक बाहेरगावी, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. नाना उभी हयात पाणीपुरवठ्यात होते. टाक्यांची देखभाल. कधीकाळी कुणीतरी टाकीचं झाकण उघडं टाकलं आणि आत पक्षी पडला, तेव्हापासून त्यांना जगात काहीही उघडं बघवत नाही. पातेली, डबे, बादली, पेनाची टोपणं, सगळं झाकतात. चहा पिता पिता मी दार उघडायला उठले तर परत येईपर्यंत कपावर बशी असते. शाईच्या बाटलीपासून माणसाच्या तोंडापर्यंत सगळ्याला झाकण हवं, असं त्यांचं मत, आणि शेवटचं ते माझ्याकडे बघून म्हणतात.

आता असा माणूस घरात असताना टेबलावर लॅपटॉप उघडा कसा राहणार? ताई कामाला गेल्या, नाना आले, झाकण लावलं.

तिकडे केंद्रात फोन खणखणायला लागले. पान गायब. ताई जेवणाच्या सुट्टीत रिक्षा करून घरी. झाकण उघडलं, काहीतरी टाइप केलं, पान परत आलं. का गेलं होतं, ते कळेना. दोन दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मास्तर जुन्या अंदाजाने भलत्या वेळी निघाले आणि बाकावर बसून राहिले, तेव्हा ताईंनी घरी येऊन कमरेवर हात ठेवले आणि विचारलं, "या लॅपटॉपला कुणी हात लावला?"

"हात कशाला लावू," नाना म्हणाले. "नुसतं झाकण लावलं. धूळ बसते."

ताईंनी स्वतः लावून बघितलं. झाकण बंद, जरा वेळाने पान बंद. झाकण उघडं आणि पुन्हा टाइप केलं, की पान चालू. झालं. सर्व्हर कुठल्या कुठे आणि त्याचा जीव आमच्या जेवणाच्या टेबलावर. लेकीला विचारा, मी म्हटलं. "नको," ताई म्हणाल्या. "तिला वाटेल आईला जमलं नाही. वाटेल, म्हणजे या वेळीही येत नाही."

मग नियम निघाला. झाकण उघडं ठेवा. मी तो माझ्या दुकानात जाड कार्डावर ठळक छापून आणला आणि टेबलाच्या वर भिंतीला लावला. बिजागरीत लाकडी चमचा अडकवला, चुकून पडायला नको म्हणून. वायफायचा डबा बंद करायचा नाही, टेबल हलवायचं नाही, पुसायचं तर लॅपटॉपच्या भोवतीने पुसायचं. वीज गेली की मी दुकान टाकून वर धावायचं. नानांची अवस्था मात्र बघवत नव्हती. जेवताना त्यांची नजर सारखी तिकडे. एकदा त्यांनी त्यावर टॉवेल पसरला. "झाकण लावलं नाहीये, टॉवेल टाकलाय," म्हणाले. आतून पंख्याचा घरघराट सुरू झाला, तेव्हा मी तो ओढून काढला. "उघडं ठेवून काम करायचं ही कुठली पद्धत," ते पुटपुटले आणि उठून मिठाच्या डब्याचं झाकण पुन्हा एकदा दाबून आले.

असे आठवडे गेले. लेकीची तारीख जवळ आली. एका संध्याकाळी मी दुकान बंद करून वर आले, तर ताई हॉलमध्ये खुर्चीत ताठ बसलेल्या, शेजारी प्रवासाची बॅग, मांडीवर लॅपटॉप, झाकण उघडं.

"काय चाललंय?"

"सराव," त्या म्हणाल्या. "मोबाइलचं नेट जोडलंय. बसमध्ये मांडीवर धरून नेईन. चार्जरची सोय असलेली बस बघितलीय."

"आणि मध्ये उतरायला लागलं तर?"

त्या उठल्या. उघडा लॅपटॉप दोन्ही हातांत, काठोकाठ भरलेलं ताट न्यावं तसा धरून हॉलमधून स्वयंपाकघरात जाऊन आल्या. "असं उतरेन."

"आणि बाळाला कुठल्या हातात घेणार?"

त्यांनी लॅपटॉप टेबलावर ठेवला, चमचा बिजागरीत अडकवला आणि बॅगेची चेन उघड-बंद करत बसल्या.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. खरं सांगायचं तर ती लॅपटॉपवर नव्हती. इतक्या वर्षांत ही बाई कुठेही गेली की मागे काहीतरी धरून ठेवूनच गेली, आणि आता तर तेही बरोबर घेऊन चालली होती. मी जिना उतरून पुन्हा दुकानात गेले, शटर अर्धं वर केलं आणि लेकीला फोन लावला. चुगली म्हणा हवं तर.

लेक आधी हसली. इतकी हसली की मला तिच्या पोटाची काळजी वाटायला लागली. "लाकडी चमचा?" असं तीनदा विचारलं. मग हसू आवरलं.

"काकू, आई काय करतेय, सांगू? ती सर्व्हरच्या आत जाते, पानामागचं ॲप सुरू करते, आणि तिथेच उभी राहते. झाकण लावलं की ती बाहेर पडते. आणि तिच्या पाठोपाठ ॲप बंद. कारण ते तिचं बोट धरून चालू आहे."

"ती निघाली की सगळं बंद," मी म्हटलं. "हे मला नवीन नाही."

"मलाही नाही," लेक म्हणाली. "तिला सांग, उद्या संध्याकाळी व्हिडिओ कॉल करते. आणि मी चिडलेली नाही, हे आधी सांग."

दुसऱ्या दिवशी मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. लेक पलंगावर, पायांखाली उशी. ताई परीक्षेला बसल्यासारख्या. मी आणि नाना मागे.

"आई, सर्व्हरमध्ये एक कारभारी असतो," लेक म्हणाली. "त्याला एकदाच नीट सांगून ठेवायचं, की हे काम चालू ठेव. पडलं तर उचल. सर्व्हर बंद होऊन परत सुरू झाला, तर मला विचारू नकोस, तुझं तू सुरू कर. मग तू आत असलीस काय, नसलीस काय."

"म्हणजे माझ्याच कामाला माणूस ठेवायचा," ताई म्हणाल्या.

"हो. फक्त त्याला ताप येत नाही."

नाना खूश झाले. म्हणाले, "आमच्या टाकीला फ्लोट असायचा. भरली की पाणी आपोआप बंद, उतरली की आपोआप सुरू. रात्रभर कुणी नळ धरून उभं राहत नसे."

"नाना, अगदी हेच," लेक म्हणाली. नाना माझ्याकडे बघून घसा खाकरले.

ताई त्या कारभाऱ्यासाठीच्या सूचना लिहायला लागल्या. लेक सांगत होती, पण हात आईचे. शिकताना एकट्यापुरतं पान चालवायची जी सोय वापरली होती, ती काढून खूप जण एकदम बघतील तरी चालेल अशी लावली, तीही त्याच वेळी. सगळं लिहून झालं, तेव्हा लेक म्हणाली, "आता सर्व्हर बंद करून चालू कर."

ताईंचा हात थांबला. "लोक बघत असतील."

"या वेळी कोण असतं?"

ताईंना ते पाठ होतं. शेवटची मंडळी खुर्च्यांवर बसलेली, बाहेर कुणी नाही, आता सकाळपर्यंत कुणाला निघायचं नाही. तरी मी बघत होते, बोट बटणावर आणि दाबवत नाही.

"आई, कर बंद," लेक म्हणाली. "मी आहे इथे."

ताईंनी बंद केला. मी माझ्या मोबाइलवर पान उघडून बसले होते. कोरं. पुन्हा उघडलं, कोरं. सर्व्हर जागा झाला, असं लेक म्हणाली, तरी कोरंच. ताईंनी डोळे मिटले. "बघ. मी म्हटलं होतं."

"काय म्हटलं होतंस? वाच ना, तो काय म्हणतोय."

ताईंनी चष्मा सारखा केला आणि कारभाऱ्याची तक्रार वाचली. त्याला फोल्डर सापडत नव्हतं. त्या सूचनांकडे बघत बसल्या. मला राहवेना. मी माझा एकुलता एक प्रश्न विचारला: "इथे आहे, तिथे आहे का?"

ताईंनी कपाळावर हात मारला. फोल्डरचा पत्ता त्यांनी लॅपटॉपवरचा लिहिला होता. आपल्या घरचा पत्ता परक्या गावच्या माणसाला दिला, तर त्याला घर कसं सापडावं? लेकीला ही चूक लिहितानाच दिसली होती, पण मुद्दाम बोलली नाही, हे तिने नंतर मला सांगितलं. आईचीच लेक.

पत्ता दुरुस्त केला. पुन्हा बंद, पुन्हा चालू. या वेळी ताईंनी हात आखडला नाही. माझ्या मोबाइलवर पांढरं पान, पांढरं पान, आणि मग: "तयारीला लागा." तो नुसता चाचणीचा नंबर होता. पण मला वाटलं, ते ताईंनाच सांगितलंय.

"आता शेवटचं," लेक म्हणाली. "झाकण लाव."

ताईंनी बिजागरीतला लाकडी चमचा काढला. मग मागे वळून म्हणाल्या, "नाना, तुम्ही लावा."

नाना पुढे आले. धोतराला हात पुसले. इतके आठवडे ज्याच्यासाठी जीव तळमळला, ते झाकण त्यांनी दोन्ही हातांनी सावकाश खाली आणलं, दाबलं, वरून तळहात फिरवला. आम्ही सगळे माझ्या मोबाइलकडे बघत राहिलो. मिनिट गेलं, आणखी गेलं. नानांनी विचारलं, "चालतंय का?"

"चालतंय," मी म्हटलं.

पलीकडे लेकीने शेजारच्या उशीत तोंड खुपसलं. हसत होती की रडत होती, ते छोट्या पडद्यावर कळलं नाही. ताई मात्र उघडपणे रडल्या. नंतर मला म्हणाल्या, "बरं वाटलं गं. आणि जरा वाईटही वाटलं. माझ्यावाचून चालतं म्हणजे." मी म्हटलं, "ताई, त्यासाठीच तर इतकी खटपट केलीत." त्या म्हणाल्या, "ते खरंच. तरी."

निघायच्या दिवशी केंद्रातल्या नर्सने फोन सांभाळायचं कबूल केलं. होते तरी किती फोन. मी बॅग घेऊन बसपर्यंत गेले आणि चिडवलं, "पानावर खाली लिहिलंय, मी इथेच आहे. हे आता खोटं झालं." ताई म्हणाल्या, "असू दे. वाचून लोकांना धीर येतो." लॅपटॉप पिशवीत होता, बंद. बस सुटली तेव्हा त्यांनी खिडकीतून दोन्ही हात हलवले. दोन्ही हात मोकळे असलेल्या ताई मी कधी पाहिल्या नव्हत्या.

त्या वेळेवर पोहोचल्या. मुलगा झाला. फोनवर आधी बाळाचा आवाज ऐकवला, मग लेकीचा. लेक म्हणाली, "काकू, आई आत होती. माझा हात धरून."

चार-पाच दिवसांनी दुपारी मी सहज पान उघडलं, आणि कोरं. दुकानात गिऱ्हाईक होतं, त्याला थांबवून वर धावले. नाना उशाला पंचा घेऊन पडले होते. "नाना, पान गेलं." ते उठून बसले. मी ताईंचा नंबर काढला. नानांनी मोबाइलवर हात ठेवला, अगदी झाकण ठेवावं तसा. "थांब. फ्लोटला वेळ दे."

मी थांबले. माझ्यासारखीला थांबणं म्हणजे शिक्षा. केंद्रात मास्तर बाकावर बसलेत, लोक उपाशी निघालेत, असं सगळं डोळ्यांसमोर आलं. मग पान आपलं आपण परत आलं. "अजून निघू नका, जेवून घ्या." कुणी काही टाइप केलं नव्हतं. नाना पुन्हा आडवे झाले.

संध्याकाळी ताईंचा फोन. मी आपणहून काही बोलणार नव्हते. पण त्याच म्हणाल्या, "दुपारी जरा गेलं होतं ना? सर्व्हरवाल्यांचा निरोप आला होता, दुरुस्तीसाठी बंद-चालू करतोय म्हणून."

"मग तुम्ही बघितलंत?"

"नाही गं. मी बाळाला अंघोळ घालत होते."

हे वाक्य मी ताईंच्या तोंडून ऐकलं यावर माझा विश्वास बसेना. फोन ठेवून मी स्वयंपाकघरात गेले आणि एकटीच हसले. इतकं हलकं मला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं.

नानांनी भिंतीवरचं कार्ड काढलं. चांगलं जाड होतं, टाकून देववेना. आता ते पाण्याच्या जगवर असतं. "झाकण उघडं ठेवा" असं लिहिलेलं झाकण. येणारा-जाणारा वाचतो आणि आमच्याकडे बघतो.

ताईंची सुट्टी संपत आली, तेव्हा मी त्यांची खोली झाडून ठेवली. त्याच सकाळी फोन आला. "धाकटे, मी डॉक्टरांशी बोललेय. अजून महिनाभर येत नाही. थोरल्या नातीला शाळेत सोडायला मजा येते, आणि बाळ रात्री माझ्याकडेच झोपतं." मग म्हणाल्या, "चालेल ना?"

"न चालायला काय झालं," मी म्हटलं आणि झाडलेल्या खोलीचं दार ओढून घेतलं.

त्याच दिवशी मास्तर दुकानात आले. केंद्रातून परतताना मुद्दाम एक थांबा आधी उतरले होते. "बाईंनी काहीतरी बदललंय, पाहिलंत का?" म्हणाले आणि आपला मोबाइल लांब धरून मला दाखवला. वर नेहमीचंच होतं, खुर्ची, वेळ, निघा आता. खाली ती कायमची ओळ नव्हती. तिकडून, लेकीच्या घरून, बाळाला मांडीवर घेऊन बदलली असणार. मी ती वाचली, मास्तरांना चहा पाजला, आणि ते गेल्यावर वर येऊन नानांना वाचून दाखवली.

"फोन करायची गरज नाही. मी लेकीकडे आहे. तरी चालतंय."

नानांनी पुन्हा वाचायला सांगितलं. मी पुन्हा वाचलं.